दहा गुंठ्यांचे पाणी

गावी गेलो की धाकटा भाऊ आधी शेत दाखवतो, फराळ मागाहून! आमचे गाव अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलढाणा असा हा पट्टा पसरला आहे. माती काळीभोर, पण भूगर्भातले पाणी खारट. वडिलांनी हौसेने विहीर खणली. तिच्या पाण्यात डाळ शिजेना, अन् पिकाला द्यावे तर जमीनच चोपण व्हायची.

भावाने चार एकरांतले दहा गुंठे देऊन शेततळे खोदले : तीस मीटर लांब, तीस रुंद, तीन खोल. "वडिलांची जमीन खड्ड्यात घालतोस?" मी फोनवरून गरजलो होतो. पगारदाराला जमिनीचा पुळका फार!

गेल्या दिवाळीत काठावर उभा राहिलो. तळे निम्म्यावर आले होते. पाऊस लवकर उघडला, तेव्हा तेच पाणी कपाशीला दिले होते. शेजारच्या कोरडवाहू रानात पाने लाल पडलेली; आमच्याकडे बोंडे धरलेली.

"दहा गुंठे गेले, दादा, पन बाकीचे वाचले ना!" भाऊ म्हणाला.

मी वाकून बोट बुडवले, जिभेला लावले. पाणी गोड होते. हे चाखायला वडील हवे होते.