खांदा कोणाचा, भार कोणाचा?

कृत्रिम सांध्याचा धोका वृद्धांनाच, हा समज अर्धाच खरा आहे. इंग्लंडमधील १९९८ ते २०१७ या काळातील खांदारोपणाच्या नोंदी तेच सांगतात. अतिवृद्धांना पहिल्या तीन महिन्यांत गंभीर उपद्रव अधिक होतात, हे खरे. परंतु ५५ ते ५९ वयाच्या दर चार पुरुषांपैकी सुमारे एकाला आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. ८५ वर्षांपुढील स्त्रियांत हे प्रमाण सदतिसांत एक आहे. तरुणाचे आयुष्य पुढे उरलेले असते आणि खांद्यावरचा भारही.

१८९३ साली पॅरिसमध्ये पेआँ या शल्यविशारदाने पहिला कृत्रिम खांदा बसविला, तो ३७ वर्षांच्या एका पाव भाजणाऱ्या कामगाराला. दोनेक वर्षांत जंतुसंसर्गामुळे तो काढावा लागला. आज शास्त्र पुढे गेले आहे. प्रश्न मात्र श्रमिकाचाच आहे. महिनोन्महिन्यांचा व्यायामोपचार, भरपगारी रजा आणि परतल्यावर हलके काम यांवाचून नवा खांदा जुन्याच ओझ्याखाली झिजणार. म्हणून वृद्धाला केवळ वयावरून नाकारणे जितके अन्यायाचे, तितकेच कामगाराला सांधा देऊन वाऱ्यावर सोडणेही. उपचाराचा हक्क शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी संपत नाही.