स्टिअरिंग आमच्या हाती, आरसी बुक कोणाच्या नावे?

आमच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात समाजातील अनेक तरुण ड्रायव्हरकी करून पोट भरतात. ट्रक, उसाचे ट्रॅक्टर, डंपर ते चालवतात. आरसी बुकावर नाव मात्र बहुधा दुसऱ्याचे असते. अशा वेळी आम्हाला अमेरिकेतील वेंडेल स्कॉट आठवतात.

१९२१ साली व्हर्जिनियातील डॅनव्हिल येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. टॅक्सी चालवली, महायुद्धात लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या, नंतर स्वतःचे गॅरेज काढले. १९५२ मध्ये ते मोटार शर्यतीत उतरले. बड्या कंपन्यांचे पाठबळ नव्हते. म्हणून जुन्या गाड्या स्वतः घेतल्या, पोटच्या पोरांना हाताशी धरले. ड्रायव्हर तेच, मेकॅनिक तेच आणि संघाचे मालकही तेच!

१ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलची नॅस्कार शर्यत त्यांनी जिंकली. पण विजेता म्हणून नाव पुकारले गेले बक बेकर या गोऱ्या ड्रायव्हरचे, चषकही त्यालाच दिला गेला. प्रेक्षक पांगल्यावर आयोजकांनी 'फेऱ्या मोजण्यात चूक झाली' असे कबूल केले. १९९० साली स्कॉट वारले. त्यांच्या कुटुंबाच्या हाती हक्काचा चषक पडला तो २०२१ मध्ये, म्हणजे ५८ वर्षांनी! आमच्या बांधवांना ही 'चूक' ओळखीची वाटणार नाही काय?

त्याच २०२१ साली बबा वॉलेस हा कृष्णवर्णीय ड्रायव्हर टॅलाडेगा येथे जिंकला. त्याच्या संघाचे मालक होते मायकेल जॉर्डन आणि ड्रायव्हर असतानाच संघमालक झालेले डेनी हॅमलिन. या संघाने २०२४ मध्ये नॅस्कारच्या मक्तेदारीविरुद्ध न्यायालयात दावा ठोकला. डिसेंबर २०२५ मध्ये तडजोड झाली आणि संघांना कायमस्वरूपी हक्क मिळाले. स्कॉट यांच्याकडे गाडी होती, पण लढायला भांडवल नव्हते. जॉर्डन यांच्याकडे दोन्ही होते. फरक पडला तो इथे.

आता आपल्याकडे पाहू. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर देण्याची राज्य शासनाची योजना २०१२ पासून आहे. साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान, गटाचा हिस्सा फक्त १० टक्के. योजना चांगली आहे. पण गट कागदावर आमचा आणि ट्रॅक्टर पाटलाच्या वाड्यात, असे होत असेल तर तो अनुदानाचा नव्हे, आमच्या मालकीचा अपहार आहे. म्हणून गटांनी आरसी बुक स्वतःच्या ताब्यात ठेवावे, कोऱ्या कागदावर सही करू नये आणि लाभार्थ्यांची यादी माहिती अधिकारात मागावी.

बाबासाहेबांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते कसणाऱ्याला मालक करण्यासाठी. तोच प्रश्न आज चाकांवर उभा आहे. चषक ५८ वर्षांनी मिळून काय उपयोग? मालकीचा कागद आजच हाती हवा!

जयभीम!