या वयात कसला संधिवात?

सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. कुकरचं झाकण लावताना मनगटातून कळ जाते, कणीक मळायला घेतली की बोटं ऐकत नाहीत. तास-दीड तासाने हात सुटतात आणि दुपारी ऑफिसात ती बाई चारचौघींसारखीच दिसते. तिचं वय ३० असेल, तर घरचे, शेजारचे, कधी कधी डॉक्टरही हाच प्रश्न विचारतात: या वयात कसला संधिवात? या प्रश्नापायी जे महिने जातात, त्यांत सांधे कायमचे खराब होऊ शकतात.

घोळ शब्दापासूनच आहे. म्हातारपणी गुडघे झिजतात त्यालाही आपण संधिवात म्हणतो आणि आमवातालाही. आमवातात झीज नसते. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. तो बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो आणि बायकांत पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो. विशीतल्या मुलांची कंबर पहाटे आखडते आणि चालल्या-फिरल्यावर मोकळी होते, तो अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा मणक्याचा संधिवात असू शकतो. सोळाच्या आतल्या मुलांनाही संधिवात होतो.

टेनिसपटू कॅरोलिन वोझनियाकीने जानेवारी २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. काही महिन्यांतच एका सकाळी तिला हात डोक्याच्या वर नेता येईना. वयाच्या २८व्या वर्षी आमवाताचं निदान झालं. उपचार सुरू असतानाच ऑक्टोबरमध्ये तिने बीजिंगची स्पर्धा जिंकली. २०२० मध्ये निवृत्त झालेली ही खेळाडू दोन मुलांची आई होऊन २०२३ मध्ये कोर्टावर परतली. इतक्या तंदुरुस्त बाईला हा आजार गाठतो, तर ‘व्यायाम नाही म्हणून दुखतं’ हे सुनावणं आपण थांबवायला हवं.

हे दुखणं शहरापुरतंही नाही. इंदापूर तालुक्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली घरोघरी सांधेदुखीची पाहणी झाली, तेव्हा आमवाताचं प्रमाण दोनशे प्रौढांमागे साधारण एक निघालं. म्हणजे मोठ्या गावात असे कितीतरी रुग्ण असणार, आणि तज्ज्ञ मात्र बहुतेक शहरात.

औषध आहे, हे ठासून सांगायला हवं. मेथोट्रेक्सेट स्वस्त आहे, जुनं आहे, लवकर सुरू केलं तर अनेकांचे सांधे वाचवतं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं; चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. मूल हवं असेल तर ते आधी थांबवावं लागतं आणि गरोदरपणात चालणारी दुसरी औषधं डॉक्टर देतात. ही साधी माहितीही अनेक घरांत पोचत नाही, कारण लग्न मोडेल या भीतीने मुलीचा आजारच लपवला जातो. लपवलेल्या आजाराची औषधंही चोरून घ्यावी लागतात, आणि मग ती चुकतात.

कायद्याची नजरही इथवर पोचलेली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत संधिवाताचं नाव नाही. सांधे वाकडे झाल्यावर चलनवलनाच्या दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकतं. ते वाकडे होऊ नयेत म्हणून झगडणाऱ्या नोकरदार मुलीला सकाळी तासभर उशिरा येण्याची सवलत वरिष्ठांच्या मर्जीवर मागावी लागते. ती हक्काने मिळायला हवी.

घरात कुणाच्या बोटांची, मनगटांची सूज सहा आठवडे उतरलेली नसेल, तर तेल चोळत आणि वांगी-बटाटे बंद करत बसू नका. रक्तातला आरए फॅक्टर निगेटिव्ह आला तरी आमवात असू शकतो. त्या माणसाला संधिवाततज्ज्ञाकडे न्या, याच महिन्यात.