तलवारीच्या रीलमध्ये न मावणारं धाडस

१७ सप्टेंबर आला की आपल्या भागातल्या पोरांचे स्टेटस बघा. तलवार, घोडा, मागं ढोल, आणि खाली 'रझाकारांना गाडलं'. माझा त्यांच्यावर राग नाही. आपल्याकडची म्हातारी माणसं अजून 'रझाकारीच्या आधी' आन् 'रझाकारीच्या नंतर' असा काळ मोजतात, तर पोरांच्या अंगात ते उतरणारच. पण मंठाळ, कल्याण, भालकी, आळंदच्या आपण लोकांनी त्या सालाबद्दल जरा नीट बोलायला पाहिजे. सीमेच्या पल्याड तो 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन', अल्याड सरकारी बॅनरवर 'कल्याण कर्नाटक उत्सव'. मधल्या मधी आपली गोष्ट कोण सांगणार?

ती लढाई नेमकी कशाची होती, हे आधी बघू. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी परवानगी; 'गश्ती ५३' हे नाव त्या पिढीला पाठ होतं. खासगी शाळा काढायची तरी परवानगी. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ साली बंदी आली, ती नीट उभी राहण्याआधीच. त्याच सुमारास आर्य समाजाचा सत्याग्रह झाला. मागणी काय, तर हवन करू द्या, मंदिर बांधू द्या, धर्माचा प्रचार करू द्या. त्यासाठी देशभरातून हजारो लोक येऊन तुरुंगात बसले. म्हंजे श्रद्धा आणि नागरिक म्हणून असलेलं स्वातंत्र्य, या दोन गोष्टी त्या माणसांसाठी वेगळ्या नव्हत्याच.

मग १९४८ चा मे महिना, आणि आपल्याच कल्याण भागातलं गोरटा. रझाकारांनी तिथं दोनशेच्या आसपास माणसं मारली. आज तिथं स्मारक आहे, उंच तिरंगा आहे. ज्यानं गोरटा पाहिलं नाही त्यानं एकदा जाऊन यावं, आणि फोटो काढायच्या आधी गावातल्या कुणाशी तरी बोलावं.

पण गोष्ट इथंच थांबवली तर ती अर्धी राहते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबाद शहरात शोएबुल्ला खान या पत्रकाराचा खून झाला. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा तो संपादक. मुसलमान, उर्दूत लिहिणारा, आणि संस्थान भारतात विलीन झालं पाहिजे असं उघड मांडणारा. वयाची तिशीही गाठली नव्हती. रझाकारांनी त्याला रात्री रस्त्यात गाठून मारलं, हातही तोडला. आपलेच लोक 'गद्दार' म्हणतील हे माहीत असताना आपल्याच भाषेत लिहिणं, याला मी गोरट्याच्या बरोबरीचं धाडस मानतो. त्याचं नाव आपल्या किती स्टेटसवर असतं?

आणि पुढचं तर आपण बोलतच नाही. १३ सप्टेंबरला फौजा शिरल्या, १७ ला निजाम शरण आला. त्यानंतर काय झालं हे बघायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिचा अहवाल कित्येक वर्षं दाबून ठेवला होता. पोलिस ॲक्शनच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत, असा समितीचा अंदाज. बहुतेक मुसलमान. सगळ्यांत जास्त झळ लागलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. म्हंजे आपलंच अंगण.

त्याच अहवालात अजून एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, हिंदूंच्याच जमावापासून, आणि त्यात स्वतःचे जीव गमावले. माग एकच, पोट एकच, एवढंच नातं. त्यांची नावं तिथं नाहीत. त्यांचा पुतळा तर कुठं असणार.

एवढं सगळं आज कशाला काढलं? कारण गल्लीतल्या भांडणात शेजारच्या पोराला 'रझाकार' म्हणणारे आपल्यात वाढलेत. त्या पोराचा आजा तेव्हा रझाकारांत होता की ज्वारीच्या रानात लपून बसला होता, हे शिवी देणाऱ्याला ठाऊक नसतं. त्यात कसलं शौर्य? आणि आपण तर हक्क मागणारी माणसं. १ नोव्हेंबर १९५६ ला जुना बीदर जिल्हा फाडला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडं गेले, आपण इकडं राहिलो. तेव्हापासून आपण एकच म्हणतोय, की संख्येनं कमी असलो म्हणून आमची भाषा दाबू नका. राज्यघटनेचं कलम ३५० (अ) मुलांना मातृभाषेत प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगतं, त्याचा आधार घेतो. मग आपल्याच गल्लीत जो संख्येनं कमी आहे, त्याच्याशी बोलताना सूर का बदलतो? कन्नड शेजाऱ्यालाही हेच लागू. बोर्डाला डांबर फासायला एक रात्र पुरते. मराठी शाळेला शिक्षक मिळावा म्हणून वर्षभर अर्ज घेऊन हेलपाटे घालायला जास्त दम लागतो.

यंदाच्या १७ सप्टेंबरला एक काम करा. त्या साली दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या घरात आहे. तुमच्या गावात असं कोण उरलंय ते शोधा. हिंदू असो, मुसलमान असो, मराठी बोलो की कन्नड. मोबाईल रेकॉर्डिंगला लावा, मधी बोलू नका. कोण कुणाच्या घरात लपलं होतं, भाकरी कुणी नेऊन दिली, एवढं विचारा, आणि आमच्याकडं पाठवा.