लव्हाळ्याची गाठ

केंदूर गावातल्या कांद्याच्या वाफ्यात खुरपायला बसलेली बाई लव्हाळा नुसता उपटत नाही. पात हातात येते आणि काळी गाठ मातीत राहते, हे तिला पक्कं ठाऊक असतं. ती खुरप्याचं टोक खोल घालते, गाठ उकरते, बांधावर फेकते.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात असं मुळाशी जाणंच जमत नाही. केमोथेरपीने रोग आक्रसतो आणि पुन्हा उफाळतो. २००७ साली मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यातल्या, शंभरात एकही न भरणाऱ्या, काही पेशी वेगळ्या काढल्या. अशा अवघ्या १०० पेशी उंदरांना टोचल्या, तरी त्यांतल्या निम्म्या उंदरांत नवा कर्करोग उभा राहिला. याच त्या कर्करोगाच्या मूळपेशी. औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं. या मात्र पुष्कळदा सुस्त पडून राहतात, औषध बाहेर फेकतात.

त्यांच्यावरच नेम धरणाऱ्या नापाब्युकासिन या औषधाकडून मोठी आशा होती. या कर्करोगावरची त्याची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी फायदा दिसेना म्हणून २०१९ मध्ये थांबली. त्याच वर्षी १७ मार्चला गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर याच आजाराने गेले. नाकात नळी असताना अर्थसंकल्प मांडणारे पर्रीकर अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

एक औषध फसलं म्हणून ही वाटच चुकीची, असं मी मानत नाही. पण नेमकं औषध सापडेपर्यंत एक कळकळीची विनंती: कावीळ, विनाकारण घटणारं वजन, उतारवयात अचानक वाढलेली साखर, असं काही दिसलं तर झाडपाल्यात आठवडे घालवू नका. मोठ्या दवाखान्यात जाऊन पोटाची तपासणी करून घ्या.