आधी पुसा, मग बघा, मगच खोला!



पेरणी तोंडावर आली की गॅरेजपुढं जुन्या ट्रॅक्टरांची रांग लागते. निम्म्यांची तक्रार एकच, "खालून तेल गळतंय." मिस्त्री वाकून बघतो, थेंबाला बोट लावतो आणि निकाल देतो, "गिअरबॉक्सचं सील गेलंय, ट्रॅक्टर मधून तोडावा लागंल." पाच मिनिटांत फैसला, आणि शेतकऱ्याचे दोन-तीन दिवस आणि हजारो रुपये गेले. माझं म्हणणं सरळ आहे. तेल कुठून येतंय हे दाखवल्याशिवाय एक बोल्टसुद्धा ढिला करू देऊ नका.

आमच्याच शिवारातली गोष्ट. क्लच हाऊसिंगखाली थेंब पडत होते. ट्रॅक्टर तोडला, सील बदललं, "आता खोललंच आहे" म्हणून क्लच प्लेटही नवी टाकली. काढलेली जुनी प्लेट खडखडीत कोरडी होती. तिथंच थांबायला पायजे होतं. आतलं सील गळत असतं तर प्लेट कोरडी कशी राहील? चौथ्या दिवशी थेंब पुन्हा सुरू. शेवटी निघालं काय, तर इंजिनच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग. तेल मागच्या बाजूनं ओघळत खाली यायचं आणि हाऊसिंगच्या तळाला लोंबायचं. पॅकिंग बदलायला तासही लागला नाही.

म्हणून लक्षात ठेवा, थेंब जिथं पडतो तिथं गळती असतेच असं नाही. तेल वरून खाली येतं, आणि ट्रॅक्टर चालताना वाऱ्यानं मागं सरकतं. ओलं दिसणारं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं ठिकाण शोधायचं. त्यासाठी आधी पोट स्वच्छ पायजे. इंजिन गार असताना डिझेल आणि ब्रशनं मळी काढा, फडक्यानं कोरडं करा, खाली पांढरा पुठ्ठा टाका आणि रात्रभर सोडा. सकाळी बघा. मग इंजिन चालू करून बघा. मग कामावरून आल्यावर बघा. खाली वाकायच्या आधी अवजार जमिनीवर टेकवा, चाकांना दगड लावा. उचललेल्या रोटाव्हेटरखाली डोकं घालू नका.

पुठ्ठ्यावरचं तेल बोलतं. काळं, पातळ, जळकट वासाचं असेल तर ते इंजिनचं. घट्ट, चिकट, गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअरचं. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. गिअर दांड्याचं रबर फाटलं की पावसाचं पाणी तिथूनच आत उतरतं.

जागाही बोलते. क्लच हाऊसिंगच्या तळाच्या भोकातून तेल आलं तर मुख्य संशयित दोन, पुढून इंजिनचं मागचं सील, नाहीतर मागून गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील. कोणतं, ते तेलाच्या रंग-वासावरून ठरवा. मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला ओल म्हणजे एक्सलचं सील. पीटीओपाशी ओल म्हणजे तिथलं सील. आणि फक्त नांगर उचलल्यावरच गळत असेल तर हायड्रोलिकच्या पाइपाकडं आणि लिफ्टकडं बघा, गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलाला दोष देऊ नका.

ब्रीदर तर कुणी बघतच नाही. चिखलानं तो बुजला की आत दाब धरतो आणि चांगल्या सीलातूनही तेल बाहेर ढकललं जातं. पट्टीच्या खुणेच्या वर तेल भरलं तरी तेच होतं. नवं सील टाकून पुन्हा गळायला लागलं तर शाफ्टवर नखानं चाचपून बघा. सीलाच्या जागी खाच पडली असेल तर दहा सीलं बदला, फरक पडणार नाही.

काही शहाणे त्या तळाच्या भोकातच खुंटी मारतात आणि म्हणतात गळती बंद झाली. बंद काय झाली? तेल आत साचून क्लचपर्यंत चढतं. उसाची भरलेली ट्रॉली चढावर असताना क्लच घसरला तर काय होईल, ते सांगायला नको. तसंच जुन्या कोरड्या ब्रेकच्या ट्रॅक्टरात एक्सलचं तेल ब्रेकवर उतरलं की एका चाकाचा ब्रेक लागतो, दुसऱ्याचा नाही. ट्रॅक्टर एकीकडं ओढतो. "जुना आहे, गळणारच, तेल टाकत राहा" म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. शिवाय बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर आणि हायड्रोलिकचं तेल एकच असतं. पातळी उतरली की पंप हवा ओढतो आणि लिफ्ट झटके मारते. टाकायचंच तर पुस्तकात लिहिलेलंच तेल टाका, दुकानात हाताला लागेल ते नको.

मिस्त्री म्हणतात, "एवढं तपासायला येळ कुठाय?" अहो, पुठ्ठा रात्रभर फुकटात काम करतो. ट्रॅक्टर तोडून जोडायला दोन दिवस जातात. येळ कशात जास्त गेला?

पण सगळा दोष मिस्त्रीचाही नाही. आपले लोक नुसतं बघायचे पैसे देत नाहीत, खोलायचे देतात. अर्धा तास पोटाखाली झोपून मिस्त्रीनं "काही खोलू नका, ब्रीदर साफ करा" म्हटलं तर आपण चहा पाजून वाटंला लावतो. मग तो खोलणारच. त्याचंही पोट आहे. डॉक्टरला तपासणीची फी देतो, तशी मिस्त्रीलाही द्या. बरोबर निदान करणाऱ्याला दोनशे-तीनशे रुपये जास्त गेले तरी स्वस्तच पडतं.

गॅरेजला जाताना पुठ्ठा बरोबर न्या आणि एकच विचारा, "दादा, तेल कुठून येतंय ते बोट ठेवून दाखवा." बोट ठेवता आलं तरच पाना लावू द्या.