दाढ उपटणंच परवडतं, ते का?

संशोधनासाठी मी जबलपूरच्या वस्त्यांमध्ये विड्या वळणाऱ्या आणि सफाईकाम करणाऱ्या बायांशी बोलते. दातांचा विषय निघाला की उत्तर बहुधा एकच येतं: आधी लवंग धरली, मग तंबाखूची चिमूट, शेवटी दाढ काढून टाकली. रूट कॅनलला काही हजार लागतात, उपटायला काहीशे. म्हणून वाचू शकणारी दाढही जाते. शिकलेली माणसं याला निष्काळजीपणा म्हणतात. मला यात सरकारी धोरण दिसतं.

2018 साली आलेली आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण देते, पण रुग्णालयात भरती झाल्यावर. कीड भरणं, रूट कॅनल, कवळी ही ओपीडीतली कामं त्यात बसत नाहीत. जबडा मोडला किंवा तोंडाचा कॅन्सर झाला, तर कार्ड चालतं. मध्य प्रदेशात 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार 34.2 टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. तिथे दातांच्या डॉक्टरने वेळेवर तोंड तपासणं म्हणजे कॅन्सर लवकर सापडणं. नेमकं तेच योजनेबाहेर आहे.

इंदूरचं सरकारी दंत महाविद्यालय जबलपूरहून सुमारे 500 किलोमीटरवर. त्यापेक्षा नागपूरचं जवळ, पण ते दुसऱ्या राज्यात. शहरातल्या खाजगी दंत महाविद्यालयात शिकाऊ डॉक्टरांकडून कमी पैशांत उपचार होतात, हे खरं. मात्र एका दाढेसाठी तीन-चार खेपा पडतात आणि प्रत्येक खेपेला रोजी बुडते.

तोंडाचा आणि जातीचा संबंध जुना आहे. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना थुंकीसाठी गळ्यात मडकं अडकवावं लागे, हे बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’मध्ये नोंदवलं. मडकं गेलं, पण त्याच माणसांच्या तोंडाचं आरोग्य आजही चैन समजलं जातं. त्याची किंमत आपल्या पिढीलाही मोजावी लागते. पदवी हातात असूनही मुलाखतीत ओठ मिटून हसणारी मुलं-मुली आपल्याच घरांतली आहेत.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. दातांची ओपीडी आयुष्मान योजनेत घ्या. जबलपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जोडून दंत महाविद्यालय काढा. प्रत्येक सामुदायिक आरोग्य केंद्रात दातांचा डॉक्टर आणि चालू स्थितीतली खुर्ची द्या. वस्तीत संध्याकाळी फिरतं दंत पथक पाठवा, म्हणजे मजुरी बुडणार नाही.

आपल्याला अर्ज लिहिता येतो, ही आई-बापांच्या कष्टाची कमाई आहे. आपल्या तालुक्यात दंत शल्यचिकित्सकाचं पद मंजूर आहे का, भरलं आहे का, गेल्या वर्षी किती दाढा उपटल्या आणि किती वाचवल्या, एवढं माहिती अधिकारात विचारा. 10 रुपयांचं शुल्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाही.